शेपटाच्या मागची शिट्टी

कानाच्या दवाखान्यात ताई ज्या खोलीत काम करत, तिच्या पोटात आणखी एक खोली होती. जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी. चारी भिंतींना राखाडी स्पंज लावलेला, आणि दार ओढून घेतलं की आतल्या माणसाला स्वतःच्या मानेतली शीर उडताना ऐकू यावी इतकी गप्प. पेशंट आत बसायचा, कानांवर हेडफोन, हातात बटण. ताई काचेच्या अलीकडे, मशीनसमोर. त्या एकेक बारीक सूर आत सोडायच्या. तो ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, मग ताईंच्या समोरचा दिवा लागायचा.

काम म्हणून बघितलं तर एवढंच. पण वर्षानुवर्षं ते केल्यावर ताईंना एक गोष्ट पक्की कळली होती. बरीच माणसं सूर नसतानाही बटण दाबतात. फसवायचं म्हणून नव्हे. ऐकू यावं असं इतकं मनापासून वाटत असतं की कान स्वतःच काहीतरी रचतो. असल्या कानाला ताई ‘हावरा कान’ म्हणत. एकदा एका वयस्कर गृहस्थांनी मशीन बंद असतानाही भराभर बटण दाबलं, तेव्हा बाहेर बसलेली त्यांची बायको म्हणाली होती, “घरी मी घसा फोडून बोलते ते ऐकू येत नाही, आणि इथं न वाजलेलंसुद्धा ऐकतोय बघा!” सगळा दवाखाना हसला होता. ताईही हसल्या होत्या. त्या वेळी त्यांचे यजमान घरी होते, आणि कान हावरा का होतो हे त्यांना फक्त पुस्तकातून ठाऊक होतं.

यजमान काच बसवायचे. खिडक्यांच्या, दुकानांच्या, आरशांच्या. उंच, सडपातळ, बोलायला अगदी कंजूष. रविवारी मात्र ते घरात टिकत नसत. शहराच्या शेवटच्या वस्तीपासून तासाभरावर डोंगरांची एक बुटकी रांग आहे. सकाळी जायचं, वर चढायचं, डबा खायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं, असे डोंगर. वर उभं राहिलं की सगळं शहर समोर दिसतं, गच्चीवरच्या टाक्यांसकट. एखादा मोठा हॉर्न वाजला तर तोही वरपर्यंत येतो. त्या डोंगरांत जाणारा एक गट होता. एक लहान बस ठरलेली, तिचा ड्रायव्हर ठरलेला, आणि गटाचा म्होरक्या म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस. त्याला सगळे कप्तान म्हणायचे.

गटाची एक रीत होती. सगळ्यात पुढं चालणारा तो नाक, सगळ्यात मागं चालणारा ते शेपूट. पायवाटेच्या प्रत्येक वळणावर नाकानं थांबायचं आणि एक शिट्टी मारायची. शेपटानं मागून उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे मधले सगळे नीट आहेत, मग पुढं निघायचं. नाक कुणालाही होता येई. शेपूट होणं अवघड. शेपटानं कुणाच्याही पुढं जायचं नसतं. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं तर शेपटानं उभं राहायचं, कुणी दमून बसलं तर शेपटानंही बसायचं. आपल्या मागं माणूस राहू द्यायचा नाही, काही झालं तरी.

ताईंचे यजमान हे त्या गटाचं शेपूट होते. “आमचं शेपूट लांब आहे, पण वळवळत नाही,” असं कप्तान त्यांच्या उंचीवरून आणि अबोलपणावरून म्हणायचा. इतरांकडे गळ्यात अडकवायच्या शिट्ट्या असत. यजमान दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत. सुरुवातीला थोडी खरखर, मग सूर सरळ, आणि शेवटी किंचित उतरता. ताई तेव्हा कधी डोंगरात गेल्या नाहीत. “तुम्ही जा. आठवड्यातून एक दिवस मला कुणाचं ऐकायचं नाही,” असं म्हणून त्या रविवारी घरात पाय पसरून बसायच्या.

तो रविवार थंडीतला होता. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. गट खिंडीच्या डोंगरावर गेला होता. हा डोंगर शहराला सगळ्यात जवळचा, आणि सगळ्यात सोपा. उतरताना फुटक्या कातळाच्या वळणावर कप्ताननं शिट्टी मारली, मागून बोटांच्या शिट्टीनं उत्तर आलं. पुढच्या वळणावर कप्ताननं पुन्हा शिट्टी मारली आणि उत्तर आलं नाही.

पुन्हा मारली. मग सगळ्यांनी हाका मारल्या. मग सगळे परत वर गेले. दोन वळणांच्या मधली ती वाट दोन माणसं हातात हात घालून जातील एवढी रुंद होती. एका अंगाला गवताचा उतार, दुसऱ्या अंगाला कातळ. पडायला जागा नव्हती आणि लपायलाही नव्हती. पुढं कित्येक दिवस शोध झाला. कुत्री आणली, दोर लावून खालची घळ पालथी घातली. यजमान सापडले नाहीत. त्यांची पिशवी सापडली नाही, टोपी सापडली नाही. कुत्री वासावरून फुटक्या कातळापर्यंत येत आणि तिथं खाली बसत.

वर्ष उलटल्यावर ताई एके दिवशी कप्तानच्या दुकानात गेल्या. तो फरशीवर बसून कसलीशी मोटर पुसत होता.

“सध्या शेपूट कोण आहे?” त्यांनी विचारलं.

कप्ताननं हातातलं फडकं खाली ठेवलं. “कुणी नाही. कुणाला सांगायला जीभच रेटत नाही, वहिनी.”

“मग मी होते. आणि वहिनी नको म्हणू. बाकीचे काय म्हणतात ते म्हण.”

अशा रीतीनं त्या गटाच्या ताई झाल्या. सुरुवातीला त्यांना धाप लागायची, टाचांना फोड यायचे. पण मागं राहायला वेग लागत नाही, लक्ष लागतं, आणि लक्ष देणं हाच तर त्यांचा धंदा. त्यांना बोटांनी शिट्टी मारता येत नव्हती. त्यांनी गळ्यात एक लाल प्लास्टिकची शिट्टी बांधली.

खिंडीच्या डोंगरावर त्या गटाबरोबर पहिल्यांदा गेल्या तेव्हाही ऊन लखलखीत होतं. उतरताना फुटक्या कातळापाशी पुढून कप्तानची शिट्टी आली. ताईंनी आपली वाजवली. आणि त्यांच्या पाठीमागून, कातळाच्या पलीकडून, कुणीतरी बोटं तोंडात घालून उत्तर दिलं. आधी खरखर, मग सरळ, मग किंचित उतरतं.

 त्या वळल्या. मागं वाट होती, वाटेवर ऊन होतं, आणि गवताचं एक पातंही हलत नव्हतं.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढची सहा-सात वर्षं त्यांनी सांगितलं नाही. गट महिन्यातून एखाद्या खेपेला खिंडीच्या डोंगरावर जाई, आणि दर खेपेला उतरताना ती शिट्टी येई. दुसऱ्या कुठल्याही डोंगरावर येत नसे. ताईंनी जे पेशंटच्या बाबतीत केलं असतं ते सगळं करून बघितलं. कप्तानची शिट्टी नसताना नुसती आपली वाजवून बघितली, उत्तर आलं नाही. कप्ताननं वाजवल्यावर आपण मुद्दाम वेळ लावला, तर मागचं उत्तरही थांबून राहिलं. ताई वाजवत नाहीत तोवर ते आलं नाही. त्यांनी वाजवल्याबरोबर आलं.  आठवण अशी वाट बघत नाही. वाट बघायला कुणीतरी लागतं.

मग त्या मागं जाऊ लागल्या. थोडंच. पुढच्यांना कळू नये एवढं. कातळाला वळसा घालून चार पावलं वर, मग पुढच्या खेपेला आठ-दहा पावलं. दबक्या आवाजात त्या म्हणायच्या, “अहो, मी आहे. या ना पुढं.” पण त्या जितक्या वर जात, तितकी शिट्टी आणखी वरून येई. आधी ती कातळाच्या लगेच मागं होती. मग वरच्या झुडपापाशी गेली. मग त्याच्याही वरच्या वळणावर. गेल्या वर्षापासून ती पार खिंडीतून येत होती, इतकी बारीक, की ताई श्वास रोखून, डोळे मिटून उभ्या राहिल्या तरच कानाला लागावी.

ती लांब चालली होती. आणखी काही खेपा, आणि मग ती ऐकू येणार नव्हती. हा एकच घोर ताईंना आतून पोखरत होता.

घरी वेगळंच चाललेलं. गुडघे बोलायला लागले होते. मुलगा एका औषधांच्या गोदामात कामाला. बोलणं बापासारखं कमी, पण बोलला की बापासारखं सरळ.

“आई, आता बास कर,” तो एका संध्याकाळी म्हणाला. “तू डोंगरावर फिरायला जात नाहीस. तू त्यांना शोधायला जातेस.”

“फिरायलाच जाते रे. हवा लागते.”

“हवा गच्चीवर पण लागते,” सूनबाई आतून म्हणाली. “आणि गच्चीवर गेलात तर वाळत घातलेले कपडेही आत येतात.”

ताईंना हसू आलं. सून अशी तोंडाची खट, पण रविवारी रात्री गुडघे शेकायला गरम पाण्याची पिशवी तीच आणून द्यायची, न मागता.

“खरं सांग,” मुलगा म्हणाला. “तिथं तुला काय मिळतं?”

ताईंच्या ओठांवर आलं होतं. पण तो काय म्हणेल ते त्यांना ठाऊक होतं, कारण दवाखान्यात त्या स्वतःच ते रोज म्हणत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दवाखाना रिकामा असताना त्यांनी रिसेप्शनवरच्या बाईंना बोलावलं. “या जरा. मशीनवर बसा. माझे कान तपासायचेत.”

“तुमचे?” त्या बाई घाबरल्या. “मला येत नाही हो ताई. काही उलटं दाबलं तर?”

“उलटं दाबलंत तर मला उलटं ऐकू येईल. बसा.”

ताई आतल्या खोलीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. दार लागलं. शांतता अशी दाटून आली, जसा डोळ्यांवर कुणी हात ठेवावा. मग सूर यायला लागले. जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. ताई बटण दाबत गेल्या. त्यांना बरं वाटायला लागलं. कान ठणठणीत होते. शिट्टी लांब गेली म्हणून ती बारीक झाली होती, कानाचा त्यात दोष नव्हता.

मग एक अगदी लांबचा सूर आला. थोडी खरखर, मग सरळ. त्यांनी बटण दाबलं.

काचेपलीकडे रिसेप्शनच्या बाई हात हलवत होत्या. ताईंनी हेडफोन काढून दार उघडलं.

“ताई, मी आत्ता काहीच दिलं नव्हतं. मी चष्मा पुसत होते.”

“बरं,” ताई म्हणाल्या. “होतं असं कधीकधी.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी पेशंटना नीट तपासलं, पण एकालाही ‘हावरा कान’ म्हटलं नाही. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या मनात एकच विचार होता. इतकी वर्षं आपण डोंगरावर जाऊन न वाजलेल्या शिट्टीसाठी बटण दाबत होतो की काय? नवरा एकदा गेला होताच. आता त्याचं मागं उरलेलं एवढंसं तेही जाणार होतं, आणि तेही डोंगरातून नव्हे, आपल्याच कानातून.

हे कळायला एकच मार्ग होता. दुसऱ्याच्या कानानं ऐकायचं.

म्हणून पुढच्या रविवारी बस खिंडीच्या डोंगराखाली थांबल्यावर ताई कप्तानला म्हणाल्या, “आज गुडघा कुरकुरतोय. मी पुढं येते तुझ्याबरोबर. शेपूट दुसऱ्या कुणाला कर.”

कप्ताननं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग तो वळला. “कॅशियर, आज तू मागं.”

कॅशियर म्हणजे एका बँकेत खिडकीवर बसणारा, गोल पोटाचा, हसतमुख माणूस. त्याचं तोंड दिवसभर चालायचं, पायांपेक्षा जास्त. “मी शेपूट? अहो, मला बघून माकडं हसतील! मी बोलणार कुणाशी मागं?”

“कुणाशी नाही. म्हणूनच,” कप्तान म्हणाला. सगळे हसले. ताईंनी गळ्यातली लाल शिट्टी काढून कॅशियरच्या गळ्यात घातली. ती काढताना दोरी केसांत अडकली तेव्हा त्यांना वाटलं, जाऊ दे, नको. पण तोवर कॅशियरनं ती वाजवूनही बघितली होती.

चढताना काही झालं नाही. वर सगळ्यांनी उकडलेली अंडी आणि संत्री खाल्ली. कॅशियरनं बँकेतल्या साहेबाची नक्कल केली. समोर शहर उन्हात पसरलं होतं. कुठंतरी एका इमारतीची काच मध्येच चमकायची आणि विझायची. ताई संत्रं सोलून तसंच हातात धरून बसल्या होत्या.

उतरायला लागले. ताई कप्तानच्या मागोमाग. इतकी वर्षं त्यांनी माणसांच्या फक्त पाठी बघितल्या होत्या. आज समोर रिकामी वाट होती, आणि ती त्यांना परक्या घरात शिरल्यासारखी वाटत होती. फुटक्या कातळाला वळसा घालून ते खालच्या वळणावर पोचले. कप्तान थांबला. त्यानं शिट्टी मारली.

वरून लाल शिट्टीचं उत्तर आलं. कॅशियरनं त्यात उगाच एक गिरकी घातली होती.

आता निघायला हवं होतं. कप्तान निघाला नाही. त्यानं तळहात थोडा वर केला, लिफ्टचं दार धरून ठेवावं तसा. मधले लोक येऊन थांबले, पाणी प्यायले. कुणी काही विचारलं नाही. या वळणावर कप्तान नेहमीच जरा जास्त थांबतो हे त्यांच्या सवयीचं होतं.

आणि मग खूप वरून, खिंडीकडून, ती आली. खरखर. मग सरळ. मग उतरती.

कप्ताननं हात खाली घेतला. “चला,” तो म्हणाला.

ताई त्याच्या मागोमाग निघाल्या. बाकीचे थोडे मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, “तुला ऐकू येतं?”

“पहिल्या खेपेपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही मला सांगितलंत?”

ताई चालत राहिल्या. पायांखाली सुकं गवत करकरत होतं.

“आधी मला वाटलं, डोंगर आवाज परत फेकतोय,” कप्तान खाली बघत बोलत होता. “माझं सगळं आयुष्य लिफ्टच्या विहिरींत गेलं. आवाज कसा परत येतो ते मला माहीत आहे. तो बारीक होऊन येतो, फुटून येतो, पण बदलून येत नाही. प्लास्टिकची शिट्टी बोटांची होऊन परत येत नाही, ताई.”

“लांब चाललेत ते,” ताई म्हणाल्या.  “दर खेपेला आणखी लांब.”

“तुम्ही मागं जाता म्हणून.”

ताई थबकल्या.

“मला इथून कळतं. तुमची शिट्टी जिथून यायला हवी तिथून येत नाही, थोडी वरून येते. तुम्ही त्याच्याकडे जाता. आणि तो काय करणार? तो शेपूट आहे. कुणाला आपल्या मागं राहू देईल का तो? तुम्ही वर गेलात की त्याला आणखी वर जावं लागतं. तुम्ही थांबलात की त्यालाही थांबावं लागतं.”

“हे इतकी वर्षं का नाही बोललास?”

“काय बोलणार होतो?” कप्ताननं पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते. “नवऱ्याला मागं टाकून मुकाट्यानं खाली चला, असं?”

पुढचं वळण आलं. कप्ताननं शिट्टी मारली. लाल शिट्टीचं उत्तर आलं, या वेळी गिरकी नव्हती. आणि लगेच त्याच्या मागून दुसरं. खिंडीतून नव्हे. फुटक्या कातळापासून.

मधल्या लोकांपैकी एका बाईंनी मान वर केली. “कॅशियर बोटांनी पण वाजवायला शिकला वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि कुणी हसलं नाही तेव्हा स्वतःही गप्प झाल्या.

तेवढ्यात वरून कॅशियर येताना दिसला. येताना म्हणजे जवळजवळ पळत. शेपटानं पळायचं नसतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मागं कोण राहिलंय?” त्यानं धापा टाकत विचारलं.

“तुझ्या मागं कुणी नसतं,” कप्तान म्हणाला. “तू शेपूट आहेस.”

“मग शिट्टी कोण मारतंय? अगदी माझ्या मागं... मी थांबलो की थांबतंय. मी चाललो की...” 

ताईंनी वर बघितलं. सगळी वाट उन्हात उघडी पडली होती, एकेक दगड वेगळा दिसत होता. कुणी नव्हतं. मग वरच्या टप्प्यावरून एक बारीकसा खडा सुटला, पायाचा धक्का लागून सुटावा तसा, आणि गडगडत येऊन कॅशियरच्या टाचेपाशी थांबला.

तीस-चाळीस पावलं असतील. गेल्या कित्येक खेपांत ते इतक्या जवळ आले नव्हते. ताईंचं सगळं अंग वर ओढलं गेलं. धावत जावं, त्या टप्प्यावर उभं राहावं, हात पुढं करावा. गुडघे, धाप, मुलगा, सून, काही आठवलं नाही. एक पाऊल त्यांनी वर टाकलंही. आणि ते टाकताक्षणी वर, टप्प्याच्या मागं, सुक्या गवतात कुणीतरी एक पाऊल मागं घेतल्याची करकर त्यांना ऐकू आली.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते पाऊल परत घेतलं. जड वस्तू उचलून ठेवावी तसं.

“कॅशियरभाऊ,” त्या शांतपणे म्हणाल्या, “भिऊ नका. तुमच्या मागं आहेत ना, ते फार सावकाश आणि नेटकं चालणारे आहेत. तुमच्या अंगावर येणार नाहीत. तुम्ही फक्त थांबू नका. आणि काही झालं तरी मागं जाऊ नका.”

“म्हणजे आहे कोणीतरी?” कॅशियरनं विचारलं.

“चला,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी डोंगराकडे पाठ फिरवली.

 ताई सगळ्यांच्या पुढं गेल्या, कप्तानच्याही. त्या थांबल्या नाहीत, त्यांनी मान वळवली नाही. मागं बघायचं नाही हे इतकं अवघड असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मानेला जणू कुणी हातानं धरून वळवत होतं. प्रत्येक वळणावर कप्तानची शिट्टी, मग लाल शिट्टी, मग ती. दर वळणाला जवळ. शेवटच्या वळणावर, जिथून खाली रस्ता आणि बसचा टप दिसतं, कप्ताननं शिट्टी मारली तेव्हा कॅशियरला फुंकायला दमच राहिला नव्हता. तो नुसता तोंड उघडून उभा होता. तरी उत्तर आलं. एकटंच, मोठं, स्वच्छ.

बसपाशी ड्रायव्हर बोनेटला टेकून उभा होता. “आज लवकर उतरलात,” तो म्हणाला. “आणि कुणी मेल्यासारखे चेहरे काय केलेत?”

 लोक एकेक करून चढले. रीतीप्रमाणे शेपटानं शेवटी चढायचं. कॅशियर दाराशी आला, थबकला, पायरीवर चढताना बाजूला सरकून त्यानं दारात जागा ठेवली आणि मग जवळजवळ उडी मारूनच पुढच्या सीटवर जाऊन बसला.

“झाले सगळे?” ड्रायव्हरनं विचारलं.

कप्ताननं ताईंकडे बघितलं. ताई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला, पेशंटला ‘आता नीट ऐका’ म्हणताना करायच्या तसा.

“दार लावू नका. जरा थांबा.”

उघड्या दारातून थंड हवा आत आली. रस्त्यावरची धूळ थोडी हलली आणि बसली. ड्रायव्हर काहीतरी बोलणार होता, पण पाठीमागचे सगळेच श्वास रोखून बसलेले बघून त्यानंही तोंड मिटलं. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. शिट्टी आली नाही. हाक आली नाही. बसच्या पायरीचा पत्रा सैल होता, कुणी चढलं की तो वाजायचा. तो वाजलाही नाही, की वाजला, यावर पुढं गटात कधी एकमत झालं नाही. ताईंना कुणी विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

“लावा आता,” त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात गट पुन्हा खिंडीच्या डोंगरावर गेला. शेपूट कप्तान स्वतः झाला होता, कारण कॅशियर लाल शिट्टीला हात लावायला तयार नव्हता. ताई मधल्या लोकांत होत्या, एका बाईंशी सुनेबद्दल बोलत. मध्ये चालताना माणूस किती बोलू शकतो याचं त्यांना नवल वाटत होतं. उतरताना फुटक्या कातळाखालच्या वळणावर पुढून शिट्टी झाली, मागून कप्ताननं उत्तर दिलं. मग सगळेच थांबून राहिले. नाक झालेल्या माणसानं हात तसाच वर धरला होता. वारा नव्हता. वरची वाट रिकामी होती, आणि आता ती नुसतीच रिकामी होती.

कुणी हलेना. शेवटी ताईच म्हणाल्या, “अहो, चला की. ऊन कलतंय.”

आणि त्या उतरायला लागल्या.